कुवेत, एक डोंगराळ देश

बाईंच्या मते कुवेत हा डोंगराळ देश होता. शाळेत भूगोल शिकवताना त्या हे मत मांडत नसत, एवढं भान त्यांना होतं. वर्गात त्या फळ्यावर झरझर नकाशा काढत, त्याखाली सपाट वाळवंटी प्रदेश असं इंग्रजीत लिहीत आणि मुलांकडून तसंच वदवून घेत. पण सुट्टीचा शुक्रवार उजाडला की त्याच देशात त्यांना कडे, सुळके, घाट आणि खिंडी दिसायला लागत. मी एकदा म्हटलं, "बाई, इथं गतिरोधक आला तरी लोकांना चढ लागल्यासारखं वाटतं." त्यावर त्या म्हणाल्या, "बघायला डोळे लागतात गं. पन्हाळा काय, कुणीपण बघतंय."

सालमियातल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही नवराबायकोनं भाड्यानं घेतली होती. म्हणजे त्या आमच्या घरमालकीण, आणि मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायला लागल्यामुळे सहकारीही. मी पुण्याहून नुकतीच आले होते. बाई तरुणपणी कोल्हापूरहून आल्या त्या इथल्याच होऊन गेल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. उंची बेताची, बांधा भक्कम, केसांचा घट्ट आंबाडा, गळ्यात शाळेची शिट्टी आणि बोलणं अस्सल तिकडचं, "मी येतो, मी जातो" असं. सगळी मराठी मंडळी त्यांना नुसतं बाई म्हणत. कुवेतमध्ये मराठी बायका पुष्कळ होत्या, पण बाई म्हटलं की त्याच.

आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात, एका गुरुवारी संध्याकाळी, त्या स्वयंपाकघरात थालीपीठं थापता थापता म्हणाल्या, "उद्या डोंगरावर जायचंय. लवकर झोपा." जुलै महिना होता. बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल आत आणेपर्यंत कडक होत होता. मला वाटलं, बाई विनोदी आहेत. पहाटे खोलीच्या दाराबाहेर शिट्टी वाजली तेव्हा समजलं की त्या विनोदी नाहीत.

डोंगर म्हणजे एका मॉलचं बहुमजली पार्किंग निघालं. मॉल उघडायला अजून अवकाश होता. गाड्या जिथून गोल गोल वर चढतात त्या उतारावरून आम्ही चालत वर निघालो. सर्वांत पुढे बाई, हातात छत्री काठीसारखी धरून. मागे माझा नवरा, जो पुण्यात दूध आणायलासुद्धा स्कूटर काढत असे. त्याच्या मागे बँकेतली, ऑफिसांतली चारदोन जोडपी आणि शेवटी मी, मनातल्या मनात घरभाड्याचा करार मोडत. पहिल्याच वळणावर नेपाळी वॉचमननं अडवलं.

"दीदी, गाड़ी कहाँ है?"

"गाड़ी नहीं है."

"तो ऊपर क्यों जाना है?"

"ऊपर जाने के लिए," बाई म्हणाल्या. वॉचमननं थोडा विचार केला आणि तोही आमच्याबरोबर चालायला लागला.

गच्चीवर पोचलो. रिकामं काँक्रीट, पांढऱ्या रेघा, आणि दोन इमारतींच्या फटीतून दिसणारा समुद्राचा एक तुकडा. बाईंनी शिट्टी वाजवली, कमरेवर हात ठेवले, चारी दिशांना समाधानानं पाहिलं आणि म्हणाल्या, "माथा." मग डबे उघडले. थालीपीठ, दही आणि मिरचीचा खर्डा. खर्डा खाऊन वॉचमनच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला.

हा बाईंचा एकमेव आणि कडक नियम. माथा आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. भूक लागो, चक्कर येवो, मुलं भोकाड पसरोत. आता कुवेतसारख्या देशात हा नियम पाळायचा म्हणजे सगळ्यांनी उपाशी मरायचं, म्हणून बाईंनी माथ्याची व्याख्या जरा ऐसपैस ठेवली होती. जिथनं पुढं चढ नाही तो माथा. या व्याख्येत उड्डाणपुलाचा मध्य बसत असे, आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा कट्टा बसत असे, आणि बांधकामावरचा वाळूचा ढीगही, फोरमन येईपर्यंत. एकदा फिंतासच्या किनाऱ्यावर ओहोटीला आम्ही इतकं चाललो की माझा नवरा रडकुंडीला आला. जमीन ताटासारखी सपाट. डबा पाठीवर आणि माथा कुठंच नाही. शेवटी बाईंना एक उपडी घातलेली होडी सापडली. सगळे एकेक करून तिच्यावर चढलो, उतरलो आणि मग जेवायला बसलो. नवऱ्यानं त्या दिवशी होडीच्या बुडाला हात लावून नमस्कार केला. तो त्यांच्या नादी पूर्ण लागला तो तेव्हापासून.

बाईंचे ऋतू त्यांच्या पायांनी ठरत. उन्हाळ्यात पार्किंग आणि जिने. हवा जरा नमली की किनारा. थंडीत मुतला. हा मुतला म्हणजे उत्तरेकडचा खराखुरा कडा, देशातला एकुलता एक, आणि त्याच्याबद्दल बाई घरातल्या थोरल्या मुलाबद्दल बोलावं तशा कौतुकानं बोलत. पाऊस बरा झाला असेल तर वसंतात वाळवंटातच कुठंतरी, कारण तेव्हा अरफजची पिवळी फुलं येतात. ती फुलं नखाएवढी. बाई वाळूवर सरळ पालथ्या पडून, हनुवटी टेकवून त्यांच्याकडे बघत आणि आम्हालाही पालथं पडायला लावत. "उभ्यानं बघितलं तर झुडूप दिसतं. आडवं बघितलं की जंगल," हे त्यांचं म्हणणं. धुळीचं वादळ आलं तर त्या नाकाला ओला रुमाल बांधून त्याला धुक्यातला ट्रेक म्हणत. मी मात्र त्याला धुळीचं वादळच म्हणायचे.

आमची ने-आण करायचे इक्बालभाई. मूळचे दापोलीकडचे, शुवैखला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, राहायला फिंतासला. त्यांच्याकडे एक अवाढव्य जुनी अमेरिकन गाडी होती, जिच्यात आमचं निम्मं महाराष्ट्र मंडळ मावत असे. बाईंच्या शाळेत त्यांच्या दोन्ही मुली शिकल्या होत्या, त्या कृतज्ञतेपोटी ते दर शुक्रवारी येत. पण चढत मात्र कधीच नसत.

"तुमी जावा वर, बाई. मी हय गाडीत बसतो."

"अहो, एकदा तरी या की. माथ्यावरनं काय दिसतंय बघा."

"डोंगूर मी लहानपनी भरपूर बघलाय. शालेत जायाला रोज एक चढायचो नि एक उतरायचो. माझा कोटा सपला." आणि सीट मागे पाडून ते डोळे मिटत.

पण वाळवंटात गाडी उभी करून झोपणंही सोपं नसतं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक कुवेती थांबून त्यांना उठवी. गाडी बंद पडलीय का, पाणी हवं का, ओढून नेऊ का? तीच गत आमचीही. या देशात वाळवंटात पायी चालणारा माणूस म्हणजे संकटात सापडलेला माणूस. लांबून धुळीचा लोट येई, भली मोठी गाडी शेजारी थांबे, काच खाली होई आणि काळजीनं विचारणा होई, "कार ब्रोकन?" बाई हसून म्हणत, "नो, नो. वॉकिंग." मग हमखास पुढचा प्रश्न, "व्हाय?" याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता येत नसे, त्यामुळे आम्ही त्यांनी दिलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढे चालू लागायचो.

एका जानेवारीत बाईंना एक नवा डोंगर सापडला. मुतल्याच्या अलीकडे, सपाटीवर, एक छानशी लांबलचक सोंड. "ही गेल्या वर्षी नव्हती," नवरा म्हणाला. "गेल्या वर्षी तुझं लक्ष नव्हतं," बाई म्हणाल्या आणि शिट्टी वाजवून चढायला लागल्या. चढ खासा होता, वाळू भुसभुशीत, पाय मागे घसरत होते. वर पोचल्यावर बाईंनी "माथा" म्हणून जाहीर केलं. आम्ही दमून एका रांगेत बसलो आणि डबे उघडले. पहिला घास तोंडात गेला तेव्हा मी समोर खाली पाहिलं.

खाली गालिचा अंथरलेला होता. गालिच्यावर एक मोठं कुटुंब नाश्त्याला बसलं होतं. मागे पांढरे तंबू, एक टीव्ही, जनरेटर, झोपाळ्यावर दोन मुली. थंडीत कुवेती लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात आणि आडोशासाठी भोवती मातीचा बांध घालतात, हे मला ऐकून माहीत होतं. आम्ही त्या बांधावर, म्हणजे एका परक्या घराच्या भिंतीवर, ओळीनं बसून थालीपीठ खात होतो. ते सगळे घास हातात धरून आमच्याकडे बघत होते.

त्यांतले म्हातारे गृहस्थ उठून बांधाखाली आले. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी आपलं शाळेतलं इंग्रजी काढलं. "सर, वुई आर हायकर्स. धिस इज अ व्हेरी नाइस हिल."

"धिस नो हिल," म्हातारबुवा म्हणाले. "धिस आय मेक. यस्टर्डे. विथ शिवल." आणि त्यांनी हातानं खोऱ्याच्या यंत्राचा आविर्भाव करून दाखवला.

बाईंनी बांधाकडे आडवंउभं पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "व्हेरी गुड वर्क, सर. एक्सलंट स्लोप."

म्हातारा खूश झाला. त्यानं आम्हाला खाली बोलावलं, गालिच्यावर बसवलं, चहा दिला, खजूर दिले, अंड्यांची मोठी परात पुढे केली. बाईंनी आपला खर्ड्याचा डबा उघडला. म्हाताऱ्यानं बोटानं चाखला, लाल झाला, खोकला, छातीवर हात मारला आणि थोरल्या मुलाला हाक मारून त्यालाही खाऊ घातला. मग मुलानं धाकट्याला. एकेक जण रडत होता आणि पुढच्याला बोलवत होता. आम्ही हसून हसून लोळायचे बाकी होतो. निघताना म्हाताऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारलाच, "कार ब्रोकन?"

असं सगळं मजेत चाललं होतं, पण बाईंचं एक दुखणं होतं. दरवर्षी बर्फाचा धडा आला की कुणीतरी मुलगा हात वर करून विचारी, "मॅम, हॅव यू सीन स्नो?" बाई खरं ते सांगत, नाही म्हणून. मुलांना त्यात विशेष काही वाटत नसे. बाईंना वाटे. हिमरेषा, हिमनदी, हिमवर्षाव, आयुष्यभर शिकवलं आणि त्यावर एकदाही पाऊल ठेवलं नाही, हे त्या एरवी कुणाशी बोलत नसत, पण रात्रीची भांडी विसळताना माझ्याशी बोलत. त्या साठीला आल्या होत्या. जूनमध्ये शाळेतून निवृत्त व्हायचं, म्हणजे इकामा, इथं राहायचा परवाना, संपणार, म्हणजे कुवेत संपणार. कुवेतचा इकामा असला की जॉर्जियाला जायला व्हिसाची कटकट नसते, त्यामुळे आमच्याकडची सगळी मंडळी सुट्टी मिळाली की जॉर्जियाचा बर्फ बघायला पळत. बाईंनी ठरवलं, शेवटच्या नाताळच्या सुट्टीत जायचंच. नुसता बर्फ बघायचा नाही, त्याच्यावरून दिवसभर चालायचं.

त्यासाठी त्यांनी शुवैखजवळच्या शुक्रवारच्या जुन्या बाजारातून स्नोशू पैदा केले. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची ती रुंद जाळीची पावलं. दुकानदारानं ती बॅडमिंटनच्या रॅकेटींबरोबर टांगून ठेवली होती. इक्बालभाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कोनच्या गाडीचा पार्ट हाय ह्यो?"

मग सराव सुरू झाला. आधी आमच्या पॅसेजमध्ये, खटॅक खटॅक, खालच्या मजल्यावरचे मल्याळी गृहस्थ वर येईपर्यंत. मग फिंतासच्या वाळूत. गुडघे उंच उचलून, पाय फाकवून, छत्री टेकत बाई किनाऱ्यावरून निघाल्या की पोहणारे पाण्याबाहेर येत. वाळूत ती पावलं खरोखर चालत, बाई मुळीच रुतत नसत. आम्ही मात्र साध्या बुटांत मागे रखडत असायचो. एका कुवेती पोरानं व्हिडिओ काढला आणि तो इतका फिरला की दहावीच्या वर्गात बाई शिरल्यावर मुलांनी गुडघे उचलून चालत त्यांचं स्वागत केलं. बाईंनी वर्गभर फिरून प्रत्येकाची चाल सुधारली.

मधे कुणीतरी सुचवलं, एवढं लांब कशाला, मॉलमध्ये बर्फाचं दालन असतं, तिथं चालून या. बाई भडकल्या. "मॉलातला बर्फ? त्यापेक्षा मी आपला फ्रीज उघडून उभा राहतो की."

जायच्या दिवशी आम्ही तिघंही सकाळी विमानतळावर पोचलो आणि धुकं उतरलं. काचेबाहेर विमानंच दिसेनात. डिसेंबरात कुवेतला असं होतं, तासाभरात निवळतं, म्हणून सगळे निवांत होते. ते निवळलं नाही. दुपारी आमचं उड्डाण रद्द झालं, आणि पुढची जागा मिळत होती ती सुट्टी संपल्यावरची. दहावीची सराव परीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं, "बाई, रजा मागा. शेवटचं वर्ष आहे, कोण नाही म्हणणार?" बाईंनी स्नोशूची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "कोण नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागत नाही. पोरांना नकाशे भरायचं अजून जमत नाही." मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्यासाठी वाईटही इतकं वाटलं की त्या रात्रीचा स्वयंपाक मीच केला, जो मी सहसा टाळत असे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सालमियात गडगडाट झाला, चार सरी पडल्या. बाई खिडकीत चहा घेऊन उभ्या होत्या. इक्बालभाईंचा फोन आला. नेहमी शांत बोलणारा माणूस ओरडत होता, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"बाई, लवकर या. वफ्राच्या रस्त्याला सगला पांढरा झालाय. मी सोता बघलाय. लोका नाचतायत."

चहाचा कप खिडकीतच राहिला. नवऱ्यानं गाडी काढली, बाई स्नोशू मांडीवर घेऊन पुढे बसल्या, वाटेत फिंतासला इक्बालभाईंना उचललं. निम्मं कुवेत त्याच दिशेला चाललं होतं. आणि मग वाळवंट खरंच पांढरं दिसायला लागलं. दोन्ही बाजूंना, नजर पोचेल तिथपर्यंत. पांढरे झगे घातलेले दाढीवाले बाप्ये ओंजळी भरभरून एकमेकांच्या मानेत घालत होते. बायका बुरख्याचा घोळ सावरत घसरगुंडी करत होत्या. एक आजोबा खुर्ची टाकून मधोमध बसले होते आणि नातवंडं त्यांना पुरत होती. एक उंट तेवढा नाराज दिसत होता.

बाईंनी गाडीच्या पायरीवर बसून पट्टे आवळले. इक्बालभाई, जे आजवर कधी गाडीतून उतरले नव्हते, ते उतरून त्यांना हात द्यायला उभे राहिले. नवऱ्यानं मोबाइल धरला. बाई उठल्या, गुडघा उचलला, पहिलं पाऊल टाकलं. कचकच आवाज झाला. त्या खाली वाकल्या, एक दाणा उचलला, निरखला, दाढेखाली फोडला, परत निरखला.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

"हो ना, किती गार," नवरा म्हणाला.

"तसं नव्हं. गार पडलीय. बर्फ नाही हा. हे बघ, आत थर दिसतात. ढगात वरखाली होऊन तयार होती ही. बर्फ भुरभुर पडतो, वजन नसतंय त्याला."

"बाई, तुम्ही पार्किंगला माथा म्हणता. मग ह्याला बर्फ म्हणायला काय जातंय?"

"माथा मी ठरवतो," बाई म्हणाल्या. "बर्फ वर ठरतोय."

तरी त्या चालल्या. एक मोठी फेरी मारून आल्या, दोनचार कुवेती पोरं त्यांच्या मागून गुडघे उचलत गेली, टाळ्या झाल्या. पण परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. गारा कडेनं वितळायला लागल्या होत्या आणि खालची तांबूस वाळू वर येत होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जूनला इकामा संपला की जॉर्जिया संपला. मग कोल्हापूर. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आत्या आली की करायचं ठरलंय. पुतण्याचं बाळ आत्या आली की सांभाळणार. गच्चीवर शिकवणी आत्या आली की. त्यातनं कुठला बर्फ आता." हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्यांना ती माणसं प्रिय होती, त्यांच्यासाठीच तर त्या इथं राबल्या होत्या. पण मला ते ऐकवेना. मी उंटाकडे बघत राहिले.

इक्बालभाई ओल्या चपलांकडे बघत उभे होते. ते म्हणाले, "पन बाई, मला एक सांगा. बर्फ आपल्या इंडियात पन पडतो ना? तो हिमालय का काय हाय ना आपला?"



हिमालय. बाई दरवर्षी फळ्यावर हात ताणून, खडू आडवा धरून, एका झटक्यात काढत तो हिमालय. त्याला व्हिसा लागत नाही, इकामा लागत नाही. आणि गेले दोन महिने आम्ही सगळी शिकलीसवरलेली माणसं जॉर्जिया गेला म्हणून सुतकात होतो. वेड्यासारखं वाटेल, पण गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आमच्यासाठी इंडिया म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे माहेर, सासर, दाताचा डॉक्टर, बँक, कुणाचं लग्न आणि परतीच्या बॅगेत पापड. तिकडं जाऊन कुणी फिरतं का? फिरायला दुसरे देश असतात.

"मी," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. "मी भूगोल शिकवतो."

मग त्यांना हसू फुटलं. ते पोटातून आलं. त्या हसायला लागल्या तशा तोल गेला, त्या रुंद पावलांत पाय अडकले आणि त्या गारांत उताण्या पडल्या, जाळीची दोन्ही पावलं आकाशाकडे. उठायचा प्रयत्न करत आणि परत हसून पडत. नवरा त्यांना उठवायला गेला तो त्यांच्या शेजारी पडला. मी पोट धरून खाली बसले. इक्बालभाई पुन्हा पुन्हा विचारत होते, "मी काय चुकीचा बोललो काय?" शेजारून जाणारी एक मोठी गाडी थांबली, काच खाली झाली, आणि एका बाईनं काळजीनं विचारलं, "कार ब्रोकन?"

"नो, नो," बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "हिमालय."

जूनमध्ये आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सामानात एक बॅग कपड्यांची आणि वर बांधलेले स्नोशू. तिकीट दिल्लीचं होतं. तिथून मनाली, आणि मनालीहून वर, जिथं जूनमध्येही बर्फ उरलेला असतो तिथं. एकट्या. कोल्हापुरात थोरले भाऊ हार घेऊन तयार होते, वहिनींनी ऑपरेशनची तारीख घेतली होती.

"घरी काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, वाटेत जरा थांबून येतो."

"बाई, कुवेत ते कोल्हापूर, वाटेत रोहतांग?"

"भूगोल तू शिकवलायस का मी?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मागे न बघता आत गेल्या. मी तिथंच रडले, नवराही रडला. दुसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन, "आत्या कुठं थांबल्यात हो?" मी म्हटलं, "वाटेत." त्यांनी विचारलं, "बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत. थोडं चालून येतील."

चारपाच दिवसांनी त्यांचा आवाजी निरोप आला. आम्ही तेव्हा शुवैखला इक्बालभाईंच्या दुकानात होतो, नवऱ्याच्या गाडीला काहीतरी पार्ट हवा होता. बाहेर नेहमीसारखी आग पडली होती. मी मोबाइल काउंटरवर ठेवला आणि तिघं वाकून ऐकायला लागलो. बोलणं काहीच नव्हतं. आधी वाऱ्याचा आवाज. मग धापा. मग एक पाऊल, हलकं, गारांवर आला होता तसला कचकच आवाज नाही, पीठ दाबल्यासारखा. दुसरं पाऊल. तिसरं. कितीतरी वेळ नुसती पावलं. मग धप्प, आणि मग बाई हसायला लागल्या. हसतच राहिल्या.

निरोप संपला. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं होतं, त्याच्याकडे इक्बालभाईंनी पाहिलंसुद्धा नाही.

"पडल्या वाटतं," ते म्हणाले.

"पडल्या."

त्यांनी डोळे पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाले, "परत लावा."